पाटीवर उरलेली जागा

६ नोव्हेंबर

ताई,

नमस्कार करतो, पण पोटात राग ठेवून करतो, याची आधी नोंद घे.

तुझं कार्ड पोचलं. पुढच्या बाजूला बर्फानं माखलेलं शिखर आणि मागच्या बाजूला तुझी अमृतवाणी: "पत्र मिळालं. अक्षर आहे की मुंग्यांची वरात? भिंग घेऊन वाचलं." बस. पाठपोट दोन पानं भरून मी संसाराची हकिकत कळवली, त्यावर सख्ख्या बहिणीचं भाष्य एवढंच. मंत्र सोडून शाईवर टीका करणारे पंडित मी पाहिले आहेत, पण ते निदान मानधन तरी घेतात.

मी या आरोपाचा निषेध करतो. कॉलेजात इतकी वर्षं मी फळ्यावर संस्कृत लिहितो आहे, आजवर एकानंही तक्रार केलेली नाही. परवा मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, जरा मोठं लिहा ना." पण तिला चष्मा लागला असणार. तसं मी तिला सांगितलंही.

असो. आता वार्ता. तुझ्या भावजयीनं जाहीर केलं आहे की यंदाची नाताळानंतरची सुट्टी बर्फात. तीही तुझ्याच गावात, तुझ्याच पाहुणघरात. "तुझी ताई डोंगराच्या पायथ्याशी राहते आणि आपण दर वर्षी समुद्रावर वाळू खायला जातो, याला काय म्हणायचं?" असं तिनं विचारलं. मी म्हटलं, "परंपरा." ते तिला पटलं नाही. लग्नाआधी हिवाळे-हिवाळे बर्फावर लोकांना स्कीवरून घसरायला शिकवणारी बाई ती. माझ्यासारख्या सपाट जमिनीवरच्या प्राण्याशी लग्न करून तिनं बरीच वर्षं कळ काढली, आता पोरं चालती-बोलती झाली म्हटल्यावर ती कळ संपली.

बेत असा. थोरली आठ वर्षांची आहे, तिला सकाळची शाळा, खऱ्या उतारावर. ढब्बूला लहानांच्या वर्गात, पण दुपारपर्यंतच. चार वर्षांचं मूल दुपारनंतर बर्फात रडायला लागतं, आणि मग त्याचे आईबापही, असं ती म्हणते. मला वेगळा शिक्षक. "तू का नाही शिकवत?" असं विचारलं तर म्हणाली, "मला अजून तुझ्याबरोबर संसार करायचाय." दुपारी ती थोरलीला घेऊन वरच्या उतारावर जाणार. आणि नवशिका बाप ढब्बूला मांडीशी घेऊन तारेवरच्या पाळण्यातून मधल्या टप्प्यावर, लहानांच्या घसरगुंडीपाशी.

तो पाळणा म्हणजे तू फोटोत पाठवलं होतंस तेच ना? तारेला लटकलेलं उघडं बाक, आणि खाली झाडांचे शेंडे? त्या बाकाला पुढून दांडी असते असं ऐकतो. ती आपोआप लागते की आपण ओढायची? एका हातानं ओढता येते का? अभ्यासू माणूस आहे, म्हणून विचारतो.

फोन का करत नाही असं विचारू नकोस. फोनवर तू माझ्या "हॅलो"वरून माझा ताप मोजतेस.

तुझा,
मुंग्यांचा मालक


२० नोव्हेंबर

ताई,

टाइप केलेलं पत्र बघून भुवया उंचावू नकोस. तुझ्या भिंगाची दया आली, इतकंच. शिवाय माझं पेन बिघडलं आहे. म्हणजे दोन्ही पेनं.

घरात सध्या तपश्चर्या चालू आहे. बायकोचं म्हणणं, बर्फावर जायच्या आधी महिनाभर पायांना तोल शिकवला पाहिजे. म्हणून सकाळ-संध्याकाळ दात घासायचे ते एका पायावर उभं राहून. एका न्हाणीघरात चार बगळे. बायको तर डोळे मिटून उभी राहते, वर मंजन न सांडता बोलते. ढब्बू दर दोन सेकंदांनी माझ्या मांडीवर कोसळतो आणि त्यालाच व्यायाम समजतो. थोरली पंच आहे. ती आरशातून सगळ्यांवर नजर ठेवते आणि तोंडात फेस असतानाही निकाल देते.

"बाबा आऊट. भिंतीला हात लावला."

"भिंतीनं मला हात लावला," मी म्हणालो.

"रोज तुम्हीच लावता. आणि रोज त्याच पायावर."

पोर हुशार आहे. उजव्या पायावर मी छान उभा राहतो, ताई. अगदी ऋषीसारखा. डाव्यावर जरा वादविवाद होतो.

बायको हसली. म्हणाली, "दिवसभर खुर्चीत बसून पोथ्या चाळल्या की असंच होणार." मीही हसलो. ते कारण मला अतिशय आवडलं. मी ते जवळ ठेवून दिलं आहे.

एक सहज आठवलं. त्या कोपऱ्यावरच्या शिंप्याची पाटी तुला आठवते का? अण्णा शिडीवर, मी शिडी धरून, तू खाली रंगाचे डबे घेऊन. अण्णांनी पाटी रंगवायची म्हणजे आधी दोरीनं आखायचं नाही, नुसतं एकदा नजरेनं मोजायचं आणि सुरू करायचं. शेवटचं अक्षर बरोबर काठाशी येऊन थांबायचं. गावभर त्यासाठी त्यांचं नाव. आणि त्या दिवशी पहिली अक्षरं ताटाएवढी नि शेवटची बशीएवढी झाली. शिंपी बाहेर येऊन म्हणाला, "काय हो, शेवटी जागा कमी पडली वाटतं?" आपण दोघं घरी येईपर्यंत हसत होतो.

पण ताई, जागा कमी पडली नव्हती. उजवीकडे हातभर पत्रा कोरा राहिला होता. मला तो कोरा पत्रा आता फार स्पष्ट दिसतो. हिरव्या रंगाचा.

तेव्हा अण्णांचं वय काय असेल गं? मोठेच असतील ना, माझ्यापेक्षा?

आणि ते चप्पल रस्त्यात राहून जाणं, डाव्या पायातली, जी आणायला आपण शर्यत लावून मागे पळायचो, ते पाटीच्या आधीचं की नंतरचं? सहज विचारतो. तू त्यांच्याजवळ होतीस शेवटपर्यंत, म्हणून तुला विचारतो. मी तेव्हा वसतिगृहात धातू पाठ करत होतो.

ढब्बूनं तुझ्यासाठी बर्फाचं चित्र काढलं आहे. पांढऱ्या कागदावर पांढऱ्या खडूनं. सोबत जोडलं आहे, नीट जपून ठेव.

तुझा भाऊ


४ डिसेंबर

ताई,

तुझं उत्तर मिळालं. "अण्णा पंचेचाळीसचे होते. चप्पल आधी, पाटी नंतर. का विचारतोस?" तीन वाक्यं. तिसऱ्याचं उत्तर देत नाही, कारण पहिल्या दोन वाक्यांनीच माझी पुरेशी दमछाक केली. पंचेचाळीस म्हणजे काय वय असतं का? मला मागच्याच महिन्यात शेहेचाळिसावं लागलं, आणि मी स्वतःला अजून होतकरू समजतो.

तर रविवारची गोष्ट. आमच्या शहराबाहेर एक बर्फाचं गोदाम आहे. हो, गोदामच. बाहेर गाड्या लावायची जागा, आत लांबलचक छप्पर आणि त्याखाली यंत्रानं केलेला बर्फाचा उतार, उन्हाळा-हिवाळा सारखाच. बायकोनं सगळ्यांना तिथे नेलं. "तिथे जाऊन पहिल्या दिवशी रडण्यापेक्षा इथे रडून घ्या," म्हणाली.

ते बूट तुला माहीतच आहेत. पायात घातले की माणूस स्वतःचाच पुतळा होतो. वाकून बकल लावताना शेजारचे एक गृहस्थ मला म्हणाले, "पहिल्यांदाच का?" मी म्हटलं, "आणि बहुधा शेवटचंच." ते हसले. मी इतक्या सफाईनं विनोद करतो की कुणालाही काही कळत नाही, ताई. हा माझा एक मोठा गुण आहे.

आमची शिक्षिका विशीतली मुलगी. तिनं आधी नुसतं चालायला लावलं, घसरपट्ट्या न लावता, बूट घालून, इकडून तिकडे. थोरली सैनिकासारखी गेली, ढब्बू बदकासारखा. मग मी. मी परत आलो तेव्हा ती पोरगी माझ्याकडे बघत होती.

"डावा हात खिशात ठेवू नका हं काका. पडलात तर लागेल."

"खिशात नाहीये," मी म्हणालो.

नव्हताच. अंगाशी लटकत होता. मी चाललो, उजवा हात माझ्याबरोबर चालला, डावा नुसता सोबत आला.

"मग हलवा ना जरा. असा, बघा," तिनं करून दाखवलं. मी लक्ष देऊन हलवला. लक्ष दिलं की हलतो. लक्ष काढलं की थांबतो. मी त्या पट्ट्यावर तीनदा गेलो आणि तीनदा त्याला आठवण करून दिली, नाठाळ विद्यार्थ्याला करून देतात तशी.

परत येताना गाडीत ढब्बूनं तो हात दोन्ही हातांत घेतला, त्याच्याकडे बघितलं आणि विचारलं, "बाबा, तुझा हात झोपलाय का?"

बायको गाडी चालवत होती. आरशातून तिनं एकदा माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "थंडीनं गारठलाय रे." आणि त्याच्या डोक्यावर टपली मारली. उजव्या हातानं.

उताराबद्दल तुला उत्सुकता असेलच. मी पडलो. सुंदर पडलो. सगळे नवशिके पडतात, त्यामुळे माझ्या पडण्यात कुणालाच काही वेगळं दिसलं नाही. मला फक्त एवढंच वाटलं की बाकीचे पडायच्या आधी हात पुढे करतात.

पाळण्याबद्दल तू काहीच लिहिलं नाहीस. दांडी कोण ओढतं? वर पोचल्यावर उतरताना पाळणा थांबतो की चालत्यातूनच उतरायचं? मुलाला कुठल्या बाजूला बसवतात?

भाऊ


११ डिसेंबर

ताई,

हे पत्र छोटं आहे आणि जरा निर्लज्ज आहे.

तू तिला, म्हणजे माझ्या बायकोला, एक कार्ड टाकशील का? लिही की यंदा बर्फ बरा पडलेला नाही. किंवा तुझ्या पाहुणघरात नळ फुटले आहेत. किंवा तुलाच कुठेतरी जायचं आहे. तुला जे सुचेल ते. तुझ्या हाताला खोटं शोभत नाही हे मला माहीत आहे, पण एकदा भावासाठी.

मी स्वतः प्रयत्न केला. म्हटलं, परीक्षेचे पेपर आहेत. ती म्हणाली, "गेल्या वर्षी समुद्रावर पेपर नेले होतेस, ओले झाले तरी तपासलेस." म्हटलं, ढब्बू फार लहान आहे. ती म्हणाली, "मी त्याच्याएवढी असताना माझ्या बापानं मला उतारावर सोडलं होतं." तिनं माझ्याकडे बराच वेळ बघितलं. म्हणाली, "तुला भीती वाटते का? वाटत असेल तर तसं सांग. पडायची भीती सगळ्यांनाच वाटते." किती चांगुलपणानं विचारलं तिनं. आणि मी काय म्हणालो? "छे, छे." दोनदा.

ती खुशीत असते सध्या, ताई. थोरलीला जुन्या फोटोंतून स्वतः बर्फावर कशी दिसायची ते दाखवते. कपाटातून तिचा जुना लाल कोट काढलाय, त्याला ऊन दाखवलंय. लग्नानंतर पहिल्यांदाच ती मला काहीतरी दाखवायला नेते आहे. एरवी मीच सगळ्यांना पोथ्या दाखवत हिंडतो.

आणखी एक आहे. आम्ही आलो तर तुझ्या दारापुढच्या पायऱ्या मी चढून येणार, आणि तू वर उभी असशील. ती बघेल नि तिला नवशिका नवरा दिसेल. तू बघशील नि तुला ते दिसेल.

कार्ड टाक, एवढं कर.


१९ डिसेंबर

ताई,

तुझं कार्ड आलं. तिच्या नावानं नाही, माझ्याच. "खोटं लिहिणार नाही. बर्फ उत्तम पडलाय. हातानं लिही." शिखराचा फोटोसुद्धा तोच. तुझ्याकडे त्याचा गठ्ठा पडलेला दिसतो.

म्हणून हे हातानं लिहितो आहे. पेन बिघडलेलं नव्हतं. तुला ते तेव्हाच कळलं असणार. अण्णांच्या सदऱ्याची बटणं लावणाऱ्या माणसाला मी पेनाची गोष्ट सांगत होतो.

हा कागद उजेडात धर. ओळीच्या सुरुवातीचं अक्षर बघ आणि शेवटचं बघ. मी मोठं लिहायचा प्रयत्न करतो आहे, प्रत्येक शब्दाला बजावतो आहे. पण ओळ उजवीकडे जाते तसं ते आक्रसतं, आणि पान संपायच्या आतच माझा हात ओळ संपली असं ठरवून टाकतो. पानाच्या उजव्या अंगाला जागा उरते आहे का, ते तू सांग. मला दिसते आहे, पण हल्ली मला जिथे तिथे तेच दिसतं, म्हणून तुझी साक्ष हवी.

आता काल काय झालं ते सांगतो.

आमच्या घराजवळ बाग आहे. तिथे मोठ्यांना बसता येईल असा रुंद झोपाळा आहे, बाकासारखा. बायको म्हणाली, "चला, पाळण्याची तालीम करू. ढब्बूला सवय होईल, तुलाही." मला उजवीकडे बसवलं, ढब्बूला माझ्या डाव्या कुशीत. "हात असा त्याच्याभोवती. तो पुढे सरकला की मागे ओढायचा. वर दांडी असतेच, पण लहान मूल दांडीखालून निसटू शकतं, म्हणून हात सोडायचा नाही." हे तिनं शिक्षिकेच्या आवाजात सांगितलं. मग ती थोरलीच्या बुटाची नाडी बांधायला वळली.

झोपाळा हलला. ढब्बूला समोर कुत्रं दिसलं आणि तो त्याला हाक मारायला पुढे झुकला. घसरला. मी बघत होतो, ताई. मला सगळं दिसत होतं. याला आता धरायचं, असं मी ठरवलं. ठरवलं, आणि हात नंतर आला.

किती नंतर? अगदी जरासा. पापणी लवेल इतका. पण तेवढ्यात तो वाळूत जाऊन बसला होता, आणि माझा हात जिथे तो नव्हता तिथे जाऊन पोचला.

त्याला काही लागलं नाही. तो उठला, ढुंगणाची वाळू झटकली आणि आनंदानं ओरडला, "बाबा, परत!" त्याला वाटलं, बाबानं मुद्दाम सोडलं. खेळ होता. बायकोनं वळून बघितलं तेव्हा तो हसत होता, म्हणून तीही हसली. "अरे, पाळण्यात असं करायचं नाही हं," तिनं बजावलं. कुणाला बजावलं, कोण जाणे. आम्ही दोघांनीही मान हलवली.

त्या झोपाळ्याखाली वाळू होती.

काल मी त्याच्याशी परत खेळलो नाही. तो रुसला. मी घरी येऊन पोथी उघडून बसलो आणि एकच ओळ वाचत राहिलो.

मी कुणालाही दाखवलेलं नाही. डॉक्टरांची वेळ मात्र घेतली आहे, सुट्टीच्या आधीची. तिथे जाऊन काय सांगायचं ते पाठ केलं आहे: हात, पाय, अक्षर, चप्पल. चप्पलही, हो. माझी कॉलेजच्या जिन्यात राहिली होती, शिपायानं आणून दिली. "सर, मन कुठे असतं तुमचं?" म्हणाला. मी त्याला तत्त्वज्ञान ऐकवलं. घराण्यात आलंच पाहिजे असा काही नेम नाही, हेही मी वाचलं आहे. दुसरंही काही निघेल. मानेतली शीर असेल, थकवा असेल. ही दुसरी कारणं मी फार प्रेमानं गोळा करतो आहे. पण त्यांना नावं देता येतात, आणि त्या एकाला मी कुठल्याच पत्रात नाव दिलं नाही. घे, देतो. कंपवात. लिहून झाल्यावर बघितलं, शेवटचा त पहिल्या क च्या निम्म्यानं आहे.

मी बायकोला सांगणार आहे. आज जेवणं झाली, पोरं खेळात दंग झाली, की सांगणार आहे. तुला आधी लिहिलं, कारण तुला हे पहिल्यापासून समजावून द्यावं लागत नाही. तिला सांगताना मी विनोद करीन अशी मला धास्ती वाटते, आणि माझे विनोद तिला आवडतात. म्हणून आधी एकदा विनोदाशिवाय लिहून बघतो आहे.

आम्ही येऊ. तिला तो लाल कोट घालू दे. मी तुझ्या पायऱ्या चढीन, तू वर उभी राहा आणि काय दिसतं ते मला खरं सांग. दुपारी मी खाली तुझ्याबरोबर बसेन. पाळण्यात ढब्बूला घेऊन त्याची आई बसेल. त्याला ते नको असेल, त्याला माझ्याबरोबर बसायचं आहे. त्याला वाटतं मी मजेत सोडतो.

पडायची मला भीती वाटत नाही, ताई. थोडी वाटते, पण ती चार लोकांत सांगण्यासारखी आहे. अण्णांसारखं होण्याची भीती वाटते, तीही कशीबशी सोसेन, तू होतीस तसं कुणीतरी असेल. मला भीती वाटते ती त्या जराशा वेळाची. मी मुलाला धरायचं ठरवीन आणि हात नंतर येईल.

तुझा धाकटा